प्रकल्प नोंदी : पानांचा इतिहास लवकर हाती लागावा म्हणून

९ जून २०२५

आमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या प्रणालीतल्या साठ्यात, जुन्या मराठी मासिकांची टंकलेखन करून तपासलेली सुमारे २८,००० पाने आहेत, आणि प्रत्येक मुद्रितशोधकाने जतन केलेली दुरुस्ती ही वेगळी कमिट (जतन केलेली एक नोंद) असल्यामुळे कमिटांची संख्या एक लाख नव्वद हजारांच्या घरात गेली आहे. पानाशेजारच्या ‘पूर्वीच्या दुरुस्त्या’ या बटणावर बोट ठेवले की मागे गिटची लॉग आज्ञा त्या एका फाइलपुरती चालते. गेल्या आठवड्यात आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी, ज्यांना गिरगावच्या या कार्यालयात सगळेच काका म्हणतात, मला बोलावून घड्याळ दाखवले आणि म्हणाले, “अगं, हे बटण दाबून मी खाली जाऊन चहा सांगून येतो, तरी पडदा पांढराच.” चहाची अतिशयोक्ती वगळली तरी तक्रार खरी आहे. मुख्य सर्व्हरवर एका पानाच्या इतिहासाला ११ सेकंद लागतात, आणि ठाण्याला ठेवलेल्या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर, जिथे रोज रात्री आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या साधनाने संपूर्ण प्रत जाते आणि जी प्रत ठाणे-डोंबिवलीकडचे स्वयंसेवक वापरतात, तिथे चाळीसच्या आसपास.

हा वेळ कशात जातो हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे राहणार आहेत. गिट फाइलचा इतिहास फाइलजवळ ठेवत नाही. प्रत्येक कमिट ही त्या क्षणीच्या संपूर्ण रिपॉझिटरीचे चित्र असते. तिच्याकडे एका ट्रीचा (फोल्डर-फाइलींच्या यादीचा) आणि आपल्या पूर्वज कमिटांचा पत्ता असतो, बदलांची यादी नसते. त्यामुळे ‘या पानाला कोणी हात लावला’ हे सांगायला गिटला शेंड्यापासून मुळापर्यंत, म्हणजे ताज्या कमिटपासून पहिलीपर्यंत, एकेक कमिट उलगडावी लागते, तिची ट्री आणि तिच्या पूर्वजाची ट्री शेजारी धरावी लागते, आणि फरक त्या पानापर्यंत पोहोचतो का हे पाहावे लागते. नऊ दुरुस्त्या शोधण्यासाठी एक लाख नव्वद हजार वेळा हे होते. कमिट आणि ट्री दोन्ही दाबून, बऱ्याचदा एकमेकींवरच्या फरकांच्या रूपात साठवलेल्या असतात, म्हणून प्रत्येक वेळी त्या फुगवण्याचा खर्च वेगळा.

११ जून

पहिला उपाय उघड होता. गिटच्या २.१८ या २०१८ च्या आवृत्तीपासून कमिट-ग्राफ नावाची पूरक फाइल लिहिता येते. तिच्यात प्रत्येक कमिटची ट्री, पूर्वज आणि तारीख ठरावीक रुंदीच्या ओळीत मांडलेली असते, आणि मग कमिट फुगवून तिचा मजकूर वाचण्याची गरज उरत नाही. आमच्या सर्व्हरवर उबुंटू २४.०४ सोबत आलेले गिट २.४३ आहे, म्हणजे सोय केव्हाचीच हाताशी होती.

आज्ञा दिली. ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपली, कोणतीही चूक दाखवली नाही. एवढ्या कमिटांसाठी हा वेग संशयास्पद वाटला म्हणून फोल्डर उघडून पाहिले, तर फाइल तयारच झालेली नव्हती. पुन्हा दिली, परवानग्या तपासल्या, डिस्कवरची जागा पाहिली, पण फाइल काही झाली नाही. दिवस यातच गेला.

१२ जून

कारण सापडले, आणि ते आमच्याच जुन्या हुशारीत होते.

प्रकल्प सुरुवातीला सबव्हर्जन या गिटसारख्याच जुन्या प्रणालीवर होता. गिटवर येताना इतिहास दोन तुकड्यांत आणला गेला, आणि नंतर कोणीतरी रिप्लेस आज्ञेने नव्या तुकड्याच्या पहिल्या कमिटला जुन्या तुकड्याची शेवटची कमिट पूर्वज म्हणून जोडून दिली. मूळ कमिट तशीच राहते, मात्र वाचताना गिट तिच्या जागी बदली कमिट दाखवते. कमिट-ग्राफमध्ये पूर्वज पक्के लिहिलेले असतात, आणि रिप्लेस हे पूर्वज वाचतेवेळी बदलते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत म्हणून रिपॉझिटरीत एक जरी रिप्लेस नोंद असली तरी गिट कमिट-ग्राफ वाचतही नाही आणि लिहीतही नाही. इतिहासाचा फक्त अलीकडचा भाग उतरवलेल्या प्रतीतही (शॅलो क्लोन) हेच होते. हे वागणे योग्यच आहे, पण ते एका शब्दाने सांगायला हवे होते असे माझे मत आहे.

दोन वाटा होत्या. जोड कायमची करून संपूर्ण इतिहास नव्याने लिहायचा, किंवा रिप्लेस नोंदींकडे दुर्लक्ष करायला सर्व्हरला सांगायचे. पहिली वाट स्वच्छ आहे, पण जोडाच्या पुढच्या प्रत्येक कमिटचा क्रमांक तिने बदलतो, आणि आमच्या छापील शुद्धिपत्रांत हे क्रमांक दिलेले आहेत. संपादक मॅडमनी एका वाक्यात विषय संपवला: छापून गेलेला क्रमांक खोटा ठरता कामा नये. त्यामुळे सर्व्हरवर रिप्लेस नोंदी वापरू नयेत अशी मांडणी केली, आणि सबव्हर्जनच्या काळातला जोडलेला इतिहास ज्यांना लागतो त्यांच्यासाठी एक वेगळी प्रत ठेवली. ती मंदच राहील, आणि वर्षातून चारदा उघडणाऱ्या प्रतीला ते चालेल.

१६ जून

आता फाइल तयार होते. पानाचा इतिहास ११ सेकंदांवरून ७ वर आला, म्हणजे काकांच्या दृष्टीने काहीच झाले नाही. मात्र एखादी दुरुस्ती कोणकोणत्या प्रकाशित टॅगमध्ये (नाव देऊन खूण केलेल्या आवृत्तीत) गेली आहे हे विचारणारी आज्ञा, जिला चार सेकंद लागत, ती आता बोट उचलायच्या आत उत्तर देते, आणि शाखांचे चित्र काढणारी लॉग आज्ञा पहिली ओळ लगेच दाखवू लागली.

या दोन परिणामांतला फरक समजून घेण्याजोगा आहे. कमिट-ग्राफमध्ये प्रत्येक कमिटला एक पिढी क्रमांक दिलेला असतो: जिला पूर्वज नाही तिचा १, आणि बाकी प्रत्येकीचा तिच्या पूर्वजांतल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाहून एकाने अधिक. आजीचा पिढी क्रमांक नातीच्या क्रमांकाहून मोठा असू शकत नाही, या साध्या न्यायाने ‘अमुक कमिट तमुकीची पूर्वज आहे का’ असे विचारल्यावर गिटला एका ठरावीक पिढीच्या खाली उतरावेच लागत नाही. हे काम पूर्वी तारखांच्या अंदाजावर चाले, आणि तारखा संगणकाच्या घड्याळावर अवलंबून असतात. आमच्या एका जुन्या संगणकातला सेल संपला होता तेव्हा त्यावरून झालेल्या शेकडो कमिटांवर २००२ साल आहे, म्हणजे गिटचा जन्म व्हायच्या तीन वर्षे आधीचे. २.३१ पासून पिढी क्रमांकाच्या जोडीला ‘सुधारित तारीख’ आली आहे. पूर्वजापेक्षा जुनी तारीख दिसली तर हिशेबापुरती ती पूर्वजाच्या एक सेकंद पुढे ढकलली जाते, आणि त्यामुळे असल्या कमिटाही रांगेत बसतात.

पानाच्या इतिहासाला मात्र याचा उपयोग बेताचाच, कारण तिथे खरा खर्च ट्री तुलनेचा आहे आणि तो तसाच राहिला.

१९ जून

ट्री तुलना टाळण्यासाठी बदललेल्या मार्गांचे (मार्ग म्हणजे फोल्डरसह फाइलचे नाव) ब्लूम फिल्टर आज लिहून घेतले. ही सोय २.२७ मध्ये, २०२० साली आली. कल्पना बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेली आहे. प्रत्येक कमिटसाठी बिटांची (० किंवा १ अशा खुणांची) एक छोटी पट्टी ठेवायची, त्या कमिटने बदललेल्या प्रत्येक मार्गाचा हॅश (नावावरून ठरावीक रीतीने निघणारी संख्या) काढून त्यानुसार पट्टीतले काही बिट उजळवायचे, आणि पुढे एखाद्या मार्गाबद्दल विचारणा झाली की त्याचे बिट उजळलेले आहेत का एवढेच पाहायचे. एकही बिट विझलेला असेल तर उत्तर ‘नक्की नाही’, आणि सगळे उजळलेले असतील तर ‘कदाचित’. ‘कदाचित’ आले तरच ट्री उलगडायची. गिटमध्ये एका मार्गामागे १० बिट आणि ७ हॅश असे प्रमाण आहे, त्यामुळे फसवे होकार शेकडा एकाच्या आसपास पडावेत. फाइलबरोबर तिच्या वरची फोल्डरेही पट्टीत नोंदली जातात, आणि विचारणा करताना तीही तपासली जातात. फसवा होकार आला तर थोडा वेळ वाया जातो, इतकेच. खोटा नकार मात्र या रचनेत येऊच शकत नाही, आणि म्हणूनच ती इतिहासासारख्या ठिकाणी वापरता येते.

एका कमिटने ५१२ हून अधिक मार्ग बदलले असतील तर तिच्यासाठी फिल्टर ठेवलाच जात नाही, तिची तुलना नेहमी प्रत्यक्षच होते. आमच्याकडे अशा कमिटा मोजक्याच आहेत: काही खंडांची मूळ आयात, आणि गेल्या वर्षी ‘र’खाली नुक्ता देऊन टंकलेला ‘ऱ’ सगळीकडे एकाच युनिकोड चिन्हाचा केला ती.

पानाचा इतिहास ७ सेकंदांवरून १.३ वर आला. काकांना बोलावून दाखवले. त्यांनी बटण तीनदा दाबले, आणि चहा मात्र मागवलाच.

२३ जून

१.३ सेकंद हा आकडा मला खटकत राहिला, कारण हिशेबाने तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असायला हवा. गिटचा ट्रेस (आतल्या कामाची नोंद) चालू केला की ब्लूम फिल्टरने किती वेळा ‘कदाचित’ म्हटले आणि त्यातले किती फसवे निघाले हे तो सांगतो. खंड ३ मधल्या पान १२ साठी विचारले तेव्हा फसवे होकार २१,००० च्या वर निघाले. त्या पानाच्या खऱ्या दुरुस्त्या आठ, आणि खंड ३ च्या कोणत्याही पानाला हात लावणाऱ्या कमिटा सगळ्या मिळून ५,२०० आहेत. फोल्डरची पट्टी तपासली जात असताना त्या खंडाबाहेरच्या कमिटांना ‘कदाचित’ म्हणायचे कारणच काय?

रोमन नावे असलेल्या स्क्रिप्टांच्या फोल्डरवर हीच तपासणी केली. तिथे प्रमाण अगदी ठरल्याप्रमाणे आहे. म्हणजे अडचण नावांत आहे. यापुढे आज विचार चालला नाही.

२७ जून

आजची नोंद नीट लिहायला हवी.

सकाळी काका ठाण्याच्या घरून काम करत होते. त्यांचा फोन आला की खंड ३, पान १२ वरच्या त्यांच्या जुन्या दुरुस्त्या नाहीशा झाल्या आहेत. गिरगावच्या सर्व्हरवर त्या पानाला नऊ नोंदी दिसत होत्या. ठाण्याच्या प्रतीवर मी स्वतः आज्ञा दिली तेव्हा तीन दिसल्या, आणि तेही पाव सेकंदात. पानाचा मजकूर दोन्हीकडे अक्षराअक्षराने सारखा होता, शेंड्यावरच्या कमिटचा क्रमांकही एकच.

प्रत बिघडली असावी अशी पहिली भीती होती, म्हणून संपूर्ण पडताळणीची आज्ञा चालवली. ती पावणेदोन तासांनी निर्दोष आली. मग कमिट-ग्राफ न वापरता लॉग चालवला तेव्हा चाळीस सेकंद लागले आणि नऊच्या नऊ नोंदी परत आल्या. म्हणजे इतिहास जागच्या जागी होता. १९ तारखेला मी लिहिलेली फाइल रात्रीच्या आरसिंकबरोबर ठाण्याला गेली होती, आणि ठाण्याचा संगणक तिच्यातले फिल्टर वाचून सहा कमिटांबद्दल ‘नक्की नाही’ म्हणत होता. आठ दिवसांपूर्वी याच वहीत ‘खोटा नकार येऊच शकत नाही’ असे मी लिहिले आहे. ते खोडत नाही.

दिसत असलेल्या तीन नोंदी कोणत्या हे पाहिल्यावर चित्र बरेच स्पष्ट झाले. एक खंड ३ ची मूळ आयात, जिच्यात ६१२ पाने एकदम आली होती. दुसरी ‘ऱ’ची सार्वत्रिक दुरुस्ती. आणि तिसरी २५ जूनची, कमिट-ग्राफ लिहून झाल्यावर आलेली. या तिघींना फिल्टरच नाही, म्हणून त्यांची तुलना प्रत्यक्ष झाली. जिला जिला फिल्टर होता, ती प्रत्येक कमिट वगळली गेली होती.

ठाण्याच्या संगणकावरून कमिट-ग्राफ काढून टाकला आणि काकांना कळवले की काम मंद होईल, पण खरे होईल. त्यांनी फक्त “मंद चालेल” एवढेच म्हटले.

२८ जून

काल काढून टाकलेली फाइल रात्रीच्या आरसिंकने इमानेइतबारे परत आणून ठेवली. आरसिंकच्या वगळणीत ते फोल्डर घातले आणि फाइल पुन्हा काढली.

३० जून

कारण पूर्णपणे हाती आले. ते इतके लहान आहे, आणि देवनागरीशी त्याचे नाते इतके जवळचे, की ते तपशिलात लिहिते.

गिट मार्गाचा हॅश मर्मर३ या पद्धतीने काढते. नावातले बाइट चार-चारच्या गठ्ठ्यात घ्यायचे, चारही बाइट आपापल्या जागी सरकवून ३२ बिटांची एक संख्या करायची, आणि ती पुढे घुसळायची. गिटच्या सी भाषेतल्या लेखनात हे बाइट char (कॅरॅक्टर) या प्रकारचे धरले होते. सी भाषेत हा प्रकार चिन्हासहित (अधिक-उणे धरणारा) की चिन्हाविना, हे प्रमाणाने ठरवलेले नाही, ते ज्या त्या यंत्रणेवर सोडले आहे. इंटेल-एएमडी घराण्याच्या संगणकांवर तो चिन्हासहित असतो, तर लिनक्स चालवणाऱ्या एआरएम संगणकांवर चिन्हाविना. रोमन अक्षरांचे बाइट १२८ च्या आत असल्यामुळे त्यांना या फरकाची झळ लागत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि तिन्ही बाइट १२८ च्या वरचे. चिन्हासहित प्रकारात असा बाइट ऋण संख्या समजला जातो, आणि ती ३२ बिटांपर्यंत रुंद करताना वरचे सगळे बिट एकाने भरतात. म्हणून एकाच नावाचा हॅश गिरगावला एक आणि ठाण्याला दुसराच. गिरगावने उजळवलेले बिट ठाणे भलत्याच ठिकाणी शोधत होते, ते विझलेले पाहून ‘नक्की नाही’ म्हणत होते, आणि आपल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणेच म्हणत होते.

ठाण्याचे कोडे यातून सुटले. गिरगावच्या २१,००० फसव्या होकारांचेही याच दोषातून सुटते, पण त्यासाठी कागदावर बाइट मांडून बसावे लागले.

गठ्ठ्यातला पहिला बाइट १२८ च्या वरचा असेल तर चिन्हासहित प्रकारात त्याचे वरचे २४ बिट सगळे एक होतात. पुढचे तीन बाइट त्याच २४ बिटांत ‘ऑर’ क्रियेने मिसळले जातात, आणि आधीच एक असलेल्या बिटांत काहीही मिसळले तरी एकच राहते. म्हणजे अशा गठ्ठ्यातला फक्त पहिला बाइट हिशेबात येतो, बाकीचे तीन पुसले जातात. देवनागरी चिन्हाचे वेगळेपण बहुतेक त्याच्या तिसऱ्या बाइटमध्ये असते, आणि तीनची चिन्हे चारच्या गठ्ठ्यांत घातली की सलग चार चिन्हांतल्या एकाचाच तिसरा बाइट गठ्ठ्याच्या तोंडाशी येतो. सलग देवनागरी मजकुरात हॅश चारांतले एकच चिन्ह खऱ्या अर्थाने वाचत होता.

आता आमची नावे पाहू. फोल्डर ‘खंड०३’ आणि फाइल ‘पान०१२’, तिला टिंब व तीन रोमन अक्षरांचा नेहमीचा टेक्स्ट-विस्तार. संपूर्ण मार्ग ३८ बाइटांचा होतो: चारचे नऊ गठ्ठे आणि शेवटी दोन सुटे रोमन बाइट. पानातल्या शून्याच्या गठ्ठ्याच्या तोंडाशी ‘न’चा तिसरा बाइट येतो, एकाच्या गठ्ठ्याच्या तोंडाशी त्याचाच पहिला, आणि दोनच्या गठ्ठ्याच्या तोंडाशी त्याचा दुसरा. मराठी अंकांचे पहिले दोन बाइट दहाही अंकांत सारखेच असतात, वेगळा असतो तो तिसरा, आणि तिन्ही अंकांचा तिसरा बाइट नेमका पुसला जातो. खंडाच्या दोन्ही अंकांची गतही तीच. म्हणून आमच्या २८,००० पानांच्या मार्गांचा हॅश एकच होता. एकच! फोल्डरच्या नावाने थोडी लाज राखली. ‘खंड०३’ हे नाव एकटे १५ बाइटांचे, त्यामुळे शेवटचा अंक गठ्ठ्यांबाहेर सुटा राहतो, आणि सुट्या बाइटांसाठी ‘ऑर’ऐवजी ‘एक्सऑर’ (दोन बिट वेगळे असतील तरच एक) असल्याने तो पुसला जात नाही. दशकाचा अंक मात्र ‘ड’च्या मागे बुडतो. परिणामी खंड ३, १३, २३, ३३ आणि ४३ फिल्टरच्या दृष्टीने एकच खंड ठरले. या पाच खंडांना हात लावणाऱ्या कमिटा मोजल्या, तर त्या फसव्या होकारांच्या आकड्याशी जुळल्या.

आठ वर्षांपूर्वी फाइलींना मराठीच नावे द्यायची असा आग्रह संपादक मॅडमनी धरला तेव्हा मी मनातून कुरकुरले होते. आज हा कागद त्यांना दाखवल्यावर त्यांनी शांतपणे विचारले की यात चूक अक्षरांची आहे का. नाही. चूक हॅश काढणाऱ्या कोडची आहे.

२ जुलै

गिटच्या २.४६ मध्ये, जुलै २०२४ मध्ये, हे दुरुस्त झालेले आहे. फिल्टरच्या स्वरूपाला दुसरा आवृत्ती-क्रमांक देऊन तिथे बाइट सर्वत्र चिन्हाविनाच वाचले जातात. मात्र दुसरी आवृत्ती आपोआप लिहिली जात नाही, कॉन्फिगमध्ये तसे सांगावे लागते. जुनी गिट हे नवे फिल्टर पाहते आणि सोडून देते, चुकीचे वाचत नाही. १२८ च्या वरचा एकही बाइट नसलेल्या मार्गांचे जुने फिल्टर नव्या लेखनात तसेच उचलता येतात. आमच्या बाबतीत अर्थातच बहुतेक सगळे नव्याने काढावे लागले.

उबुंटूकडून नवी आवृत्ती येण्याची वाट न पाहता दोन्ही ठिकाणी नवी आवृत्ती मूळ कोडवरून बांधून बसवली. गिरगावला वीस मिनिटांत झाले. ठाण्याला मध्येच वीज गेल्यामुळे संध्याकाळ झाली.

आरसिंकमधून कमिट-ग्राफ वगळलेलाच राहील. आता दुसरी आवृत्ती दोन्हीकडे सारखीच वाचली जाईल हे खरे, तरीही एका यंत्राने आपल्या सोयीसाठी काढलेला हिशेब दुसऱ्याने डोळे झाकून वापरावा याची मला आता इच्छा नाही. ठाण्याचा संगणक आपला ग्राफ आपणच लिहील. त्याला अर्धा तास लागतो, आणि रात्री त्याला दुसरे काम नसते.

४ जुलै

नव्या फिल्टरवर विश्वास ठेवण्याआधी दर पन्नासावे पान घेऊन, म्हणजे एकूण ५६० पानांसाठी, इतिहास दोनदा काढला: एकदा फिल्टरसह आणि एकदा फिल्टरशिवाय. दोन्ही याद्या कमिट-क्रमांकानिशी जुळवल्या. गिरगावला हे एका तासावर थोडे चालले, ठाण्याला रात्रभर. एकही फरक आढळला नाही. हीच स्क्रिप्ट १९ जूनला ठाण्यावर चालवली असती तर पहिल्याच पानाला अडकली असती. मी त्या दिवशी फक्त घड्याळ पाहिले होते. यापुढे ही जुळवणी दर रविवारी पहाटे आपोआप होईल, दर वेळी वेगळी पाने घेऊन.

८ जुलै

खंड ३, पान १२ : फसवे होकार पन्नासच्या आत, वेळ गिरगावला ०.५ सेकंद, ठाण्याला दोनच्या आसपास. १.३ वरून ०.५ हा फरक वापरणाऱ्याला जाणवण्यासारखा नाही, आणि मी तो जाणवतो असे कोणाला सांगणारही नाही. दुसऱ्या आवृत्तीचे मोल ठाण्याच्या नऊ नोंदींत आहे.

एक ठिकाण अजून मंदच आहे. सुरुवातीच्या सात खंडांची फोल्डरे आधी रोमन नावांची होती, ती नंतर मराठी केली. त्या पानांचा नामांतरापलीकडचा इतिहास काढायचा तर फॉलोचा पर्याय द्यावा लागतो, आणि आमच्या मोजणीत तिथे फिल्टरचा काहीच लाभ दिसत नाही. नाव वाटेत बदलत असताना एका ठरावीक मार्गाची पट्टी तपासून भागत नाही, हे समजण्यासारखे आहे. जुन्या-नव्या नावांची एक यादी करून दोन स्वतंत्र विचारणा करायच्या आणि निकाल जोडायचे असे ठरवले. सातच खंड असल्यामुळे ही यादी हाताने तपासता येईल.

१४ जुलै

यादी झाली, बटण दोन्ही नावे विचारते. देखभालीची आज्ञा रोज रात्री कमिट-ग्राफचा नवा थर वर चढवते, संपूर्ण फाइल पुन्हा लिहीत नाही.

१८ जुलै

एक गोष्ट राहून गेली होती आणि ती संपादक मॅडमच्या लक्षात आली. प्रत्येक खंडाच्या शेवटी मुद्रितशोधकांची श्रेयसूची असते, आणि ती ब्लेम (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे सांगणारी) व लॉग या दोन आज्ञांवरून तयार होते. ब्लेमही हेच फिल्टर वापरते. २० ते २७ जून या काळात खंड ११ आणि खंड २६ च्या याद्या ठाण्याच्या प्रतीवरून काढल्या गेल्या होत्या. दोन्ही आज पुन्हा काढल्या. खंड ११ मधून चार आणि खंड २६ मधून नऊ जणांची नावे गळलेली होती, आणि त्यांनी केलेल्या बऱ्याच दुरुस्त्या मूळ आयात करणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या नावावर जमा झाल्या होत्या. खंड २६ अजून मुद्रकाकडे गेलेला नाही. खंड ११ च्या छापून आलेल्या प्रतींत घालायला दुरुस्त श्रेयसूचीची चिठ्ठी आज दुपारी दिली, आणि त्या चार जणांना मी स्वतः फोन केले.